आधी खलास, मग डिलीट

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, अबुधाबीजवळ मुसफ्फा येथील आमच्या ऑफिसातला एक जुना, अवाढव्य आणि संपूर्ण निरुपयोगी फोल्डर मरायला तयार नव्हता. त्याच्या मृत्यूची ऑर्डर निघाली होती. ऑर्डरवर मॅनेजरची सही होती. आदल्या दिवशी सकाळी कमांड दिलेली होती. जवळची माणसं उशा-पायथ्याला जमली होती. आणि तो मात्र स्क्रीनवर निवांत पडून होता.

"किती उरलाय?" इसाकभाईंनी विचारलं.

"जवळजवळ सगळा."

"म्हणजे कालपासून आपण केलं काय?"

"चहा प्यायलो."

इसाकभाई हसले नाहीत. एरवी सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तरी हसणारा माणूस. तेव्हा मी समजलो की प्रकरण गंभीर आहे.

इसाकभाई मुकादम आमचे डेटा मॅनेजर. मूळचे हर्णैचे. घरच्या दारातून समुद्र दिसणारा हा माणूस पंधरा-वीस वर्षं मुसफ्फाच्या वर्कशॉपांच्या धुळीत राहिला, आणि त्याने तक्रार केली ती फक्त इथल्या माशांबद्दल. शुक्रवारी गावी त्यांच्या मोठ्या मुलीचा निकाह होता. बुधवारी संध्याकाळचं मुंबईचं विमान होतं. आज सोमवार. सुटकेस भरून झाली होती, नवऱ्यामुलाचं घड्याळ घेऊन झालं होतं, बायकोने फोनवर सांगितलेल्या वस्तू दोनदा बदलून आणून झाल्या होत्या. रजाही मंजूर होती. फक्त एका अटीवर.

ती अट समजावी म्हणून आमचा धंदा थोडक्यात सांगतो. आमची कंपनी समुद्राच्या तळाखाली तेल कुठे असू शकेल ते शोधायची. एक जहाज समुद्रात फिरायचं, पाण्यात मोठा आवाज करायचं आणि तळाखालच्या खडकांवर आपटून परत आलेला आवाज ऐकायचं. ते सगळं टेपवर उतरायचं. टेपा पेट्यांतून मुसफ्फाला यायच्या. इसाकभाई त्या आमच्या डिस्कांवर चढवायचे. मग कॉम्प्युटर त्यातून खडकांच्या थरांचं चित्र काढायचे. एका सर्व्हेच्या मागे लाखो फाइली व्हायच्या. काही हत्तीएवढ्या, बहुतेक मुंगीएवढ्या. हे दोन हजार सालानंतर लगेचचं आहे. त्या वेळी डिस्क ही वस्तू अशी सहज वाढवता येत नसे.

तर नव्या सर्व्हेच्या टेपा येऊन ट्रॉलीवर पडल्या होत्या आणि डिस्कांवर तीळ ठेवायला जागा नव्हती. जुन्या सर्व्हेचं काम संपलं होतं, त्याची प्रत टेपवर काढून कपाटात कुलूपबंद होती. तो डिस्कवरून काढायचा, नव्या टेपा चढवायला सुरुवात करायची, आणि मगच इसाकभाईंनी जायचं. टेपा चढवण्याचं काम सुरू करणं ही इसाकभाईंची कला होती. एकदा गाडी रुळावर लागली की पुढे मीही हाकू शकत होतो. पण गाडी लागायला जागा हवी, आणि जागेवर तो फोल्डर ठाण मांडून बसला होता.

ही अट घालणारे आमचे मॅनेजर, इंजिनिअर सामी. इजिप्तचे. धिप्पाड, देखणे, सुगंधी. इंग्रजीत रागवायचे, अरबीत देवाचं नाव घ्यायचे, आणि आमच्याशी गोड बोलायचं असलं की आखातात कमावलेली खास हिंदी बाहेर काढायचे. त्या हिंदीत क्रियापदं सापडतील तशी बसवलेली असत. 'हबीबी', म्हणजे लाडक्या, म्हणाले की समजायचं काम सांगणार आहेत. 'मिस्टर कर्णिक' म्हणाले की समजायचं काम झालेलं नाही.

सोमवारी दुपारी ते दारात उभे राहिले.

"मिस्टर कर्णिक. डिलीट खलास?"

"चालू आहे, सर."

"कल भी चालू, आज भी चालू. ये डिलीट है या ट्रॅफिक सिग्नल?"

"फाइली खूप आहेत, सर."

"मेरे को फाइल नहीं मंगता. मेरे को जागा मंगता. जागा होगा, मिस्टर इसाक जाएगा. जागा नहीं होगा, मिस्टर इसाक यहाँ से फोन पे शादी देखेगा."

इसाकभाई खाली मान घालून टेपांवरची लेबलं वाचत राहिले. ती त्यांना पाठ होती.

आता तुम्ही विचाराल की एक फोल्डर डिलीट करायला एवढा वेळ का? हाच प्रश्न त्या संध्याकाळी जेवताना माझ्या मुलीने विचारला. ती तिथेच वाढलेली, मराठीत ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी. "बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट प्रेस डिलीट?" मी म्हटलं, बाळा, दाबलंय. बायको म्हणाली, "नीट दाबलंय का?" घरात तज्ज्ञांची कमतरता कधीच नव्हती.

तुम्हाला मात्र सविस्तर सांगतो. आमच्याकडची व्यवस्था अशी होती की, सगळ्या फाइली एकाच यंत्रावर नसायच्या. चार मोठे सर्व्हर होते, त्यांना आपण चार गोदामं म्हणू. प्रत्येक फाइलचे तुकडे करून ते चार गोदामांत वाटून ठेवलेले. आणि या सगळ्यांवर एक पाचवा सर्व्हर, तो मुनीम. कोणत्या फाइलचं नाव काय, ती कोणत्या फोल्डरात, तिचे तुकडे कोणत्या गोदामात, हे फक्त मुनीमाला ठाऊक. आपण आपल्या टेबलावर बसून फाइल मागायची, मुनीमाने पत्ता सांगायचा, गोदामांनी माल द्यायचा. पाचही यंत्रं मिळून एकच मोठी डिस्क असल्याचा देखावा करायची. याला डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिम म्हणतात. आमची सिस्टिम आमच्या मुख्य ऑफिसातल्या मंडळींनीच लिहिलेली होती आणि मुसफ्फात तिचं दुखलंखुपलं बघणं माझ्याकडे होतं.

मागण्या-देण्यापर्यंत हे झकास चालायचं. डिलीट करताना मात्र आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर मुनीमाच्या खिडकीवर जायचा आणि विचारायचा, "या फोल्डरात पहिली फाइल कोणती?" मुनीम नाव सांगायचा. "ती फाइलच आहे ना, की आत आणखी फोल्डर आहे?" मुनीम बघून सांगायचा. "बरं, मग ती काढा." मुनीम चारही गोदामांना निरोप धाडायचा, त्यांनी तुकडे फेकल्याचा उलट निरोप येईपर्यंत थांबायचा, आणि मग म्हणायचा, "काढली." मग आपला कॉम्प्युटर पुन्हा रांगेत. "दुसरी कोणती?" लाखो फाइली, आणि प्रत्येकीसाठी खिडकीवरच्या तीन-तीन खेपा. शिवाय त्याच खिडकीवर बाकीचं सगळं ऑफिस आपापली कामं घेऊन उभं. मुनीम बिचारा सगळ्यांना सारखाच न्याय देत होता. घर रिकामं करायला हमाल लावावा आणि त्याने एकेक टाचणी उचलून, मालकाची सही घेऊन, रस्त्यापलीकडे टाकून यावी, असं ते डिलीट चाललं होतं.

दोष कोणाचाच नव्हता. अशा फोल्डराचं मरण कोणी योजलंच नव्हतं. लिहिणाऱ्यांनी सिस्टिम जन्मासाठी लिहिली होती.

मंगळवारी सकाळी मी सामीसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो, इसाकभाईंना सोडा, टेपांचं मी बघतो, अशी गळ घालायला. ते फोनवर होते. त्यांनी खुर्ची दाखवली. पलीकडे कोणीतरी मोठं माणूस असावं, कारण सामीसाहेब बसल्या बसल्या अदबीने वाकत होते.

"खलास, हबीबी. खलास. डन. यू फरगेट अबाउट इट." त्यांनी फोन ठेवला, रुमालाने कपाळ टिपलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "मिस्टर कर्णिक, ये काम अभी कैसे करेगा?"

इथे तुम्हाला 'खलास' समजावून सांगायला हवं. खलास म्हणजे संपलं, झालं. आमच्या ऑफिसात मात्र 'खलास' काम झाल्यावर म्हणत नसत. काम घेतल्यावर म्हणत. तुम्ही विचारलंत, एसीवाला बोलावला का? खलास. म्हणजे आता तुम्ही काळजी करायची नाही, आता ती माझी काळजी. प्रत्यक्ष एसीवाला मग यायचा, इन्शाल्ला. भारतातून नवा आलेला माणूस सुरुवातीला यावर चिडायचा. मीही चिडायचो. पुढे आम्ही सगळेच खलास म्हणायला लागलो, कारण त्याने विचारणारा खरोखरच सुखी होतो. तो फोन ठेवतो. आपल्या कामाला लागतो. आणि आपल्याला काम करायला उसंत मिळते.

मी खुर्चीत बसलो होतो. काय बोलायला आलो होतो ते विसरलो. फोनच्या पलीकडचा माणूस सुखी होऊन निघून गेला होता. काम इथेच, सामीसाहेबांच्या टेबलावर होतं. ते आता साहेब आपल्या सवडीने, आपल्या माणसांकडून, आपल्या पद्धतीने करून घेणार होते. दर पाच मिनिटांनी फोन करून "आता कुठवर आलं?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

मुनीमानेही हेच का करू नये?

"सर," मी म्हटलं, "थँक यू."

"किसलिए?"

"खलास, सर," मी म्हटलं आणि बाहेर पळालो. ते सुखी झाले असावेत.

मी इसाकभाईंना टेबलाशी ओढलं आणि पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून सांगितलं. आपल्या कॉम्प्युटरने खिडकीवर एकदाच जायचं आणि एवढंच म्हणायचं, "हा फोल्डर काढा." मुनीमाने आत एक खोली करायची, जिचा पत्ता बाहेर कोणालाच माहीत नाही. तो फोल्डर नाव बदलून त्या खोलीत सरकवायचा. सरकवायचा म्हणजे माल हलवायचा नाही. माल गोदामांतच. फक्त मुनीमाने आपल्याकडची एक नोंद बदलायची, की हा फोल्डर आता त्या घरचा नाही, या खोलीतला. आतल्या लाखो फाइलींना हातही लावायचा नाही, वरचा एक फोल्डर सरकला की त्या आपोआप सरकल्या. याला क्षणभरही लागत नाही. आणि मग खिडकीतून तोंड काढून म्हणायचं, "खलास."

"आणि फाइली?"

"त्या मागच्या खोलीत. मुनीम सवडीने त्यांची यादी करणार, प्रत्येक गोदामाला गठ्ठ्याने सांगणार, हे हजार तुकडे फेक, ते हजार तुकडे फेक. चारही गोदामं एकाच वेळी कामाला. प्रत्येक फाइलसाठी खिडकीवर खेप नाही, रांग नाही."

इसाकभाईंनी कागद हातात घेऊन नीट बघितला. लेबलं बघतात तसा.

"कर्णिक, फोल्डर गेला म्हणजे जागा झाली का?"

"नाही. फोल्डर लगेच जाईल. जागा हळूहळू होईल."

"मला बुधवारचं विमान आहे. हळूहळू म्हणजे किती हळू?"

"बरीच लवकर हळूहळू."

"मग एक कर. मोठ्या फाइली आधी फेकायच्या. आमच्या घरी सामान काढतात तेव्हा आधी कपाट आणि पलंग बाहेर काढतात. सुईदोऱ्यापासून सुरुवात करणारा माणूस दिवाणखान्यात कधी पोचत नाही. मोठ्या दहा टक्के फाइली गेल्या की मला टेपा चढवायला पुरे. मुंग्या मग मार निवांत."

मी म्हटलं, त्यासाठी यादी आकाराने लावावी लागेल, जरा जास्त लिहावं लागेल.

"तर लिही. मुलगी काय तुझी नाही?"

लिहिलं. तेवढ्या चार ओळी मी केवळ त्या माणसाच्या विमानासाठी जादा लिहिल्या, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मुख्य ऑफिसला मेल टाकून परवानगी मागितली. त्यांचं उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, पण जे होईल ते तुमच्या जबाबदारीवर. हे वाक्य प्रोग्रामरला आशीर्वादासारखं वाटतं. एक खोटा फोल्डर करून, त्यात भरपूर कचरा भरून तो मारून बघितला. मेला. आणखी एक मोठा मारला. तोही मेला. दरम्यान मी जुनी कमांड थांबवली आणि इसाकभाईंनी ऑफिसभर मेल टाकली: जुन्या सर्व्हेच्या फोल्डरात कोणाचं खाजगी सामान असल्यास उद्या सकाळपर्यंत हलवावे.

कारण त्या फोल्डराचं आणखी एक गुपित होतं, सगळ्यांना माहीत असलेलं. प्रत्येकाला स्वतःच्या फाइलींसाठी मोजून-मापून जागा मिळायची. सर्व्हेच्या फोल्डरांना अशी मर्यादा नव्हती. त्यामुळे जुना सर्व्हे हा सगळ्या ऑफिसाचा माळा झाला होता. त्यात कोणाच्या गाण्यांच्या फाइली, कोणाच्या बाळाचे फोटो, कोणाचे सीव्ही. मेलला भराभर उत्तरं आली. काढलं. थँक्स. खलास. खलास. खलास, हबीबी.

बुधवारी सकाळी सर्व्हर रूममध्ये आम्ही दोघंच होतो. इसाकभाई नवा शर्ट घालून आले होते. कोपऱ्यात सुटकेस. मी कमांड लिहिली.

"बिस्मिल्ला म्हण," ते म्हणाले.

"गणपतीचं नाव घेतलंय मी."

"दोघांचं घे. चार गोदामं आहेत."

मी एंटर दाबलं. बोट उचलायच्या आत स्क्रीनवर उत्तर आलं. फोल्डर नाही. तीन दिवस न मेलेला फोल्डर नाहीसा. मी नाव टाइप करून शोधला, नाही. इसाकभाईंनी आपल्या हाताने शोधला, नाही.

"गेला?" ते संशयाने म्हणाले. "एवढा पटकन? कुठे गेला?"

"मुनीमाच्या खोलीत."

मी दुसरी खिडकी उघडून मोकळी जागा दाखवली. आकडा आधी हलला नाही. इसाकभाईंचा चेहराही हलला नाही. मग आकडा वाढला. पुन्हा वाढला. चारही सर्व्हरांचे दिवे लुकलुकायला लागले, जणू आळीत सगळ्यांनी एकदम साफसफाई काढली. पलंग आणि कपाटं बाहेर पडत होती. दुपारच्या जेवणाआधीच इसाकभाईंनी पहिली टेप लावली. ती फिरायला लागली तसे ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"चहा?" मी विचारलं.

"आज जेवण. माझ्याकडून."

आम्ही समोरच्या मलबारी हॉटेलात जाऊन मासे खाल्ले. त्यांनी माशांबद्दल तक्रार केली. सगळं ठीक आहे हे त्यावरून समजलं.

परत आलो. टॅक्सी दारात सांगून ठेवलेली होती. इसाकभाईंनी सुटकेसचा दांडा वर ओढला. आणि जिन्यावरून पावलं आली. सामीसाहेब कधी जिना चढत नसत. त्या दिवशी चढत आले, आणि त्यांचा टाय खांद्यावर गेला होता.

"मिस्टर कर्णिक. प्रेझेंटेशन किधर है?"

"कोणतं, सर?"

"शनिवार का. क्लायंट के लिए. दो महीना का काम."

"ते तुमच्या कॉम्प्युटरवर असेल, सर."

"मेरे कॉम्प्युटर में जागा नहीं था. मैंने इधर रखा, पुराना सर्व्हे में. सेफ जागा. उधर कोई जाता नहीं."

मी मोकळ्या जागेच्या आकड्याकडे बघितलं, तो वाढतच होता.

इसाकभाई अतिशय हळू म्हणाले, "सर, मैंने मेल भेजा था. सामान हलाने का. आपका जवाब आया था."

"क्या जवाब?"

"खलास, हबीबी."

सामीसाहेबांनी खांद्यावरचा टाय ओढून खाली घेतला. मग एकदम म्हणाले, "कोई नहीं जाएगा. टॅक्सी वापस. फाइल मिलेगा, तब जाएगा." ते रागाने म्हणाले नाहीत. घाबरून म्हणाले. नव्या सर्व्हेनंतरचं काम आम्हाला मिळणार की दुसऱ्या कोणाला, हे त्या शनिवारी ठरणार होतं. टेपवरच्या प्रतीत ती फाइल असणं शक्य नव्हतं. प्रत काढली तेव्हा ती जन्मालाच आली नव्हती.

इसाकभाईंनी सुटकेसचा दांडा पुन्हा खाली दाबला. त्याचा टक् असा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी आधी मुनीमाला थांबवलं. एक कमांड, की मागच्या खोलीतलं काम बंद. दिवे लुकलुकायचे थांबले. आता प्रश्न एवढाच होता की त्या खोलीत अजून काय शिल्लक आहे. फाइलचे तुकडे चार गोदामांत होते. चारांपैकी एकाने जरी आपला तुकडा फेकला असेल, तरी प्रेझेंटेशन म्हणजे पान फाटलेलं पुस्तक. कधी न उघडणारं.

"सर, फाइल मोठी होती का?"

"बहुत बडा. पचास स्लाइड. कलर."

इसाकभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आमच्या धंद्यात रंगीत पन्नास स्लाइड म्हणजे मुंगी. हत्तींच्या मानाने मुंगीच्या पायाखालची मुंगी. आणि मुंग्या यादीत सगळ्यात खाली होत्या, कारण एका माणसाला मुलीच्या निकाहाला जायचं होतं आणि त्याने सांगितलं होतं, आधी कपाटं.

मी खोलीचं दार उघडलं. म्हणजे कमांड लिहिली, पण त्या क्षणी मला दारच वाटलं. आत शोधलं. नाव सापडलं. गोदामांना एकेक करून विचारलं, तुकडा आहे का? पहिलं म्हणालं आहे. दुसरं म्हणालं आहे. तिसरं म्हणालं आहे. चौथ्याने उत्तर द्यायला वेळ लावला, कारण ते यंत्र जरा म्हातारं होतं. या वेळात सामीसाहेबांनी अरबीतून बरंच काही म्हटलं आणि इसाकभाईंनीही अरबीतूनच त्याला साथ दिली. मी मराठीतून मनातल्या मनात. आहे, चौथं म्हणालं.

फाइल बाहेर आणली, सामीसाहेबांच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली, तिथेच उघडून दाखवली. पहिल्याच स्लाइडवर त्यांचा फोटो, जहाजासमोर. त्यांनी खुर्चीचा पाठीकडचा भाग घट्ट धरला.

मग त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं. ते शेवटी सांगतो. आधी राहिलेलं उरकतो.

टॅक्सी निघून गेली होती. सामीसाहेबांनी स्वतःच्या गाडीत इसाकभाईंना घातलं आणि विमानतळावर नेलं, आणि इसाकभाई सांगतात की त्या दिवशी त्यांना मरणाची भीती विमानात नाही, त्या गाडीत वाटली. विमान मिळालं. शुक्रवारी हर्णैला निकाह झाला. परत येताना त्यांनी सुटकेसभर सुकी मासळी आणि खजुराएवढे काजू आणले, आणि सुकी मासळी सर्व्हर रूममध्ये ठेवल्याबद्दल सामीसाहेबांनी त्यांना आठवडाभर मिस्टर म्हटलं. शनिवारचं प्रेझेंटेशन चांगलं झालं. काम आम्हाला मिळालं. त्याच कामावर मी आणखी काही वर्षं तिथे राहिलो, मुलीची शाळा तिथेच झाली. मी भारतात परत यायला निघालो तेव्हा आमच्या निरोपाला इसाकभाई टेपच्या रिकाम्या पेटीत बिर्याणी भरून घेऊन आले होते.

मुख्य ऑफिसने माझा प्रोग्राम पुढच्या आवृत्तीत घेतला. फक्त एक बदल करून. मागच्या खोलीत आलेला फोल्डर लगेच फेकायचा नाही, थोडा वेळ तसाच पडू द्यायचा, कोणी धावत आलंच तर परत देता यावा म्हणून. आज तुमच्या फोनमध्येही डिलीट केलेले फोटो काही दिवस एका कोपऱ्यात पडून असतात. तो कोपरा बघितला की मला मुसफ्फाचा जिना आणि खांद्यावर गेलेला टाय आठवतो. मिळालेला धडा कोरडाच आहे: 'झालं' पटकन म्हणावं, करावं सावकाश, आणि मधलं दार उघडं ठेवावं. हा धडा मला कोणत्याही कॉलेजने शिकवला नाही. तो मला एका इजिप्शियन साहेबांच्या फोनने आणि एका हर्णैकराच्या विमानाने शिकवला. दोघांचा मी ऋणी आहे, आणि दोघांनाही ते पटत नाही.

तर ते वाक्य. फाइल उघडली होती. फोटोतले सामीसाहेब जहाजासमोर हसत होते. खरे सामीसाहेब घामाने निथळत होते. मी त्यांना समजावून सांगत होतो की सर, आम्ही सकाळी डिलीट झालं म्हणालो खरं, पण ते अजून पूर्ण झालेलंच नव्हतं, म्हणून वाचलं. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले, आणि क्लायंट ऐकतो आहे की कंपनीचा मालक, याची पर्वा न करता, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले:

"अल्हम्दुलिल्लाह, हमारा ऑफिस में जो खलास बोलता, वो कभी खलास होता नहीं."